पेद्रो सोमवारी येतो

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत विमलताईंनी उभं राहून छातीठोकपणे सांगितलं, "सहा महिन्यांत हे अख्खं गाव स्पॅनिश बोलंन!"

सभा तेव्हा संपतच आली होती आणि लोक चपला शोधत होते. सरपंच हरिसिंगांनी एक चप्पल पायात घालता घालता विचारलं, "स्पॅनिश? कायले?"

"कायले म्हंजे? पुस्तक आलं ना!"

विमलताई म्हणजे सावरटेकडीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची मागची खोली आणि तीन कपाटं, त्यातलं एक न उघडणारं. वाचक म्हणाल तर रोज एक. ते म्हणजे पेपरात सोयाबीनचा भाव बघायला येणारे रामराव. भाव बघून ते जो एक शब्द उच्चारत, तो कुठल्याच पुस्तकात सापडला नसता!

यंदा अनुदानाच्या पेटीतून स्पॅनिश शिकवणारं एक मराठी पुस्तक आलं. दर पानावर एक शब्द, खाली उदाहरणाचं वाक्य आणि त्याखाली मराठी अर्थ. विमलताईंनी ते सहज म्हणून उघडलं आणि दुपारचं जेवायच्या विसरल्या. कुठल्याशा लांबच्या देशात पाण्याला आग्वा म्हणतात! घराला कासा म्हणतात! पुसदच्या पलीकडे फारशा न गेलेल्या विमलताईंना याचं इतकं नवल वाटलं, की ते एकटीने पोटात ठेवणं त्यांना जमेना.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा एकुलता एक फळा होता. नळ कधी येणार, रेशन कधी मिळणार, कोणाच्या घरी मयत झाली, सगळं गाव त्या फळ्यावर वाचायचं. पंचायतीच्या शिपायाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, म्हणून या सूचनाही विमलताईच लिहीत. उजवी बाजू सूचनांची आणि डावी वाचनालयाच्या सुविचाराची. अकरा वर्षं विमलताई रोज सुविचार लिहीत आल्या होत्या आणि अकरा वर्षांत एकाही माणसाने तो वाचल्याचा पुरावा नव्हता. एकदा त्यांनी मुद्दाम तोच सुविचार तीन महिने ठेवून पाहिला. कोणी हूं की चूं केलं नाही!

तर पहिल्या दिवशी त्यांनी डावीकडे लिहिलं, 'आजचा स्पॅनिश शब्द : आग्वा. पेद्रो बेबे आग्वा.' आणि खाली ठळक, 'पेद्रो पाणी पितो.'

अर्ध्या तासात एस.टी. थांब्यावर चहाची टपरी चालवणारे जब्बारभाई दारात हजर.

"ताई, ये पेद्रो कोन हाय?"

विमलताईंच्या अंगावर काटाच आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी डावी बाजू वाचली होती! खरं तर तिथेच सांगून मोकळं व्हायचं, की बाबा, हे पुस्तकातलं वाक्य आहे. पण आनंद माणसाला काहीही बोलायला लावतो.

"उद्या वाचा ना भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या समजंन."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं : 'ला कासा. पेद्रो घर विकत घेतो.'

वरच्या ओळीकडे कोणी बघितलं नाही. सरकारी सूचनेच्या वर विषय, संदर्भ, जावक क्रमांक असं काहीतरी न कळणारं असतंच. शहाणा माणूस ते सोडून खालचं वाचतो. दुपारी हरिसिंग घाम पुसत आले.

"विमलताई, ही ला कासा योजना कधी आली? मले पत्ता नाही! घरकुलाच्या यादीत आपले सोळा लोक बसून आहेत अन् पहिलं नाव बाहेरच्या माणसाचं?"

"अहो हरिभाऊ, योजना नाही. पुस्तकात आहे थो."

"पुस्तकात?" हरिसिंग खुर्चीत बसले. "म्हंजे रेकॉर्डवर आलाच न मंग!"

तिसऱ्या दिवशीचं पान उलटलं आणि विमलताईंचा स्वतःचाच हात थांबला. 'ला माएस्त्रा. पेद्रोची बायको शिक्षिका आहे.'

सावरटेकडीच्या शाळेत पहिली ते चौथी एका खोलीत बसत होती आणि चारही वर्गांना मिळून गुरुजी एक! दुसरं पद दोन वर्षं रिकामं होतं. विमलताईंची नात खुशी तिसरीत होती, पण पहिलीच्या कविता आणि चौथीचा भागाकार एकाच वेळी कानावर पडून तिचं असं झालं होतं, की ती भागाकार चालीवर म्हणायची आणि उत्तर मात्र कधीच यायचं नाही. खुशीला एक बाई मिळाव्यात, एवढंच विमलताईंना या जगाकडे मागायचं होतं. तेव्हा त्यांनी ते वाक्य लिहिलं ते जरा जास्तच सुंदर अक्षरात.

संध्याकाळपर्यंत मैनाबाई कढईभर शिरा घेऊन आल्या. मैनाबाईंची दोन नातवंडं त्याच खोलीत होती.

"ताई, तोंड गोड करा! पोट्ट्याईले बाई भेटली!" त्यांचे डोळे भरून आले होते. "घर घेतलं तवाच मी म्हनलं, बिनाकामाचा मानूस खेड्यात घर कायले घेईन? बायकोची नोकरी असन!"

"मैनाबाई, थांबा. थो पेद्रो..."

"माहीत हाय, माहीत हाय. केरळातला हाय म्हनते. असू द्या! मानूस चांगला हाय. नुसतं पानी पेते!"

विमलताईंनी तोंड उघडलं तेवढ्यात त्यात शिरा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी पक्कं ठरवलं, आज खुलासा लिहायचा. पण फळ्यापाशी येऊन बघतात तो चाळीस माणसं! काही जण घरून पाट घेऊन आले होते. रामराव, ज्यांनी सोयाबीनशिवाय कशात रस दाखवला नव्हता, ते पुढच्या रांगेत होते.

"लिहा न ताई! काय झालं पुढं?"

चाळीस वाचक! विमलताईंच्या हातात खडू होता आणि बगलेत पुस्तक होतं. खुलासा त्यांनी उद्यावर टाकला आणि पुढचं पान लिहिलं : 'एल लूनेस. पेद्रो सोमवारी येतो.'

तो दिवस शनिवारचा होता!

रविवारी शाळा सारवून झाली. ग्रामपंचायतीने दोन हार आणि एक नारळ मंजूर केला. सोमवारी साडेनऊच्या गाडीला अख्खं गाव थांब्यावर उभं, डफडी वाजताहेत, मुलं रांगेत, आणि सर्वांत पुढे खुशी, हातात पाटी घेऊन. बाईंना दाखवायला तिने भागाकार मांडला होता. तो बघून विमलताईंना राहवेना. त्या थेट जब्बारभाईंच्या बाकावर चढल्या.

"ऐका! पेद्रो येत नाही! पेद्रो नावाचा मानूसच नाही! थे शब्द शिकायचं वाक्य होय! चूक माही आहे!"

यावर हरिसिंग समजावणीच्या सुरात म्हणाले, "विमलताई, तुम्ही सांगता थे तोंडी आहे. फळ्यावर हाय थे लेखी आहे."

"पन लिहिलं मीच न!"

"तुम्ही नुसतं लिहिता हो. नळाचं तुम्हीच लिहिता. तुम्ही सोडता का पानी?"

तेवढ्यात गाडी आली आणि डफड्यांचा असा काही कडकडाट झाला, की पहिला उतरलेला माणूस कोण हे न बघताच त्याच्या गळ्यात हार पडला. तो मुलीला भेटायला उमरखेडहून आलेला मैनाबाईंचा व्याही होता. त्याने हार काढला नाही. आपल्याला या गावात इतका मान आहे हे त्याला माहीत नव्हतं! बाकी गाडीतून कोणी उतरलं नाही. खुशीने पाटी पाठीमागे धरली आणि विमलताईंना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

त्यांनी तडक जाऊन फळ्यावर लिहिलं, लेखी पाहिजे ना, घ्या लेखी! 'पेद्रो येणार नाही. पेद्रो हे केवळ उदाहरण आहे.'

गावाने ते दोनदा वाचलं आणि गाव पेटलं.

"बाईची बदली रद्द केली!" हरिसिंग ओरडले. "पलीकडच्या गावाने वर सांगून बाई पळवली! अन् वरून काय लिहून पाठवते, तर उदाहरण! आपल्या गावाचं उदाहरण करून राह्यले!"

दुसऱ्या दिवशी चार टेम्पो भरून माणसं तालुक्याच्या ऑफिसवर गेली. निवेदन कोणी लिहावं यावर चर्चाच झाली नाही. अक्षर चांगलं विमलताईंचंच. त्यांनी मनापासून लिहिलं, की चार वर्गांना एक गुरुजी आहे, तिसरीची मुलं भागाकार गातात पण करत नाहीत, आम्हांला एक बाई द्या. पण गावाच्या आग्रहाखातर शेवटी एक ओळ आलीच : 'श्री. पेद्रो यांच्या सौभाग्यवतींची बदली रद्द करू नये.' खाली एकशे चाळीस सह्या.

साहेबांनी चष्मा वर केला. "हे पेद्रो कोण?"

"साहेब, रेकॉर्डवर आहे," हरिसिंग म्हणाले.

साहेबांनी बाबूकडे बघितलं, बाबूने कपाटाकडे बघितलं. एकशे चाळीस माणसं व्हरांड्यात बसून होती, डबे उघडत होती आणि साहेबांच्या शिपायालाही ठेचा-भाकर देत होती. दोन तास शोधाशोध झाली. आपल्याकडे असा कागदच नाही, हे एवढ्या लोकांपुढे म्हणायला बाबू काही तयार होईना.

शेवटी साहेब बाहेर आले. "तुमच्या त्या बाईंचं बघू सावकाश. तोवर दुसऱ्या बाई पाठवतो. उद्यापासून!"

परत येताना टेम्पोत विमलताई रडत होत्या आणि हसतही होत्या. मैनाबाईंनी त्यांच्या डोक्यावरून पदर नीट केला.

नयन मॅडम खरंच दुसऱ्या दिवशी आल्या. कळंबच्या, पंचवीस वर्षांच्या, आवाज खणखणीत. मैनाबाईंनी त्यांना आपली पुढची खोली दिली. आठवड्याभरात खुशी भागाकाराचं उत्तर काढायला लागली आणि चाल मात्र विसरून गेली! विमलताईंनी डावीकडे परत सुविचार लिहायला घेतला. तो अर्थातच कोणी वाचला नाही.

पण पंधराव्या दिवशी नयन मॅडम वाचनालयात आल्या, त्या हातात अर्ज घेऊनच.

"ताई, मी बदली मागतेय. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे, जरा बघून द्या."

"काहून बाई? काय झालं?"

"मैनाबाई मला रोज जवळ घेऊन समजावतात. 'रडू नको, थो येईनच.' दूधवाला सांगतो, 'मॅडम, पुरुष असेच असतात.' सगळं गाव मला विचारतं, पेद्रोंचं काय झालं? माझं लग्नसुद्धा झालं नाही हो! आईने एक स्थळ पाहिलंय, ते लोक चौकशीला या गावात येणार आहेत!"

साहेब दुसऱ्या बाई पाठवतो म्हणाले होते, पण साहेब बोलतातच तसं, असं म्हणून गावाने नयन मॅडमना पेद्रोची बायको करून टाकलं होतं. विमलताईंनी पुस्तक पुढे ठेवलं आणि आग्वापासून सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. मॅडम आधी लाल झाल्या. मग त्यांनी पुस्तक ओढलं, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, खुर्ची पुढे घेतली.

"मग पुढे काय होतं त्या पेद्रोचं?"

"मी भेवानं उघडलंच नाही."

दोघी डोकी जोडून पानं उलटू लागल्या. 'पेद्रोला तीन मुलं आहेत.' मॅडमनी ते पान घाईने उलटलं. 'पेद्रो समुद्रात पोहतो.' कामाचं नाही. आणि मग सव्विसाव्या पानावर सापडलं! मॅडम टाळी वाजवून उठल्या आणि अर्ज फाडला.

सकाळी फळ्यावर होतं : 'ला कार्ता. पेद्रो आपली बायको कार्मेन हिला पत्र लिहितो.'

दहा मिनिटांत मैनाबाई शाळेच्या दारात. "आवो मॅडम, तुम्ही थे नाहीच काय! बायकोचं नाव कार्मेन! माफ करा बाई, मी तुमच्या समोर त्याले किती शिव्या देल्ल्या!" दूधवाल्याने त्या दिवशी पाव लिटर जास्त घातलं. जब्बारभाईंनी टपरीवर जाहीर केलं, की स्थळवाले आले तर पहिला चहा आपल्याकडून. विमलताईंनी पुस्तक न उघडणाऱ्या कपाटात फटीतून आत ढकललं आणि अनेक दिवसांनी पोटभर जेवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी धावजी आले. धावजी म्हणजे पंचक्रोशीतलं टपाल वाटणारे. सव्वीस वर्षं नोकरी, रिटायर व्हायला पाच महिने. त्यांनी दार लावून घेतलं, खाकी पिशवी विमलताईंच्या टेबलावर उलटी केली, झटकली आणि मटकन स्टुलावर बसले.

"ताई, तीन दिवस झाले, शेतात पाह्यलं, नाल्यात पाह्यलं, सायकल खोलून पाह्यली. सव्वीस वर्षांत एक पोस्टकार्ड गहाळ नाही झालं," धावजी हात जोडून म्हणाले. "थे कार्मेनबाईचं पत्र माह्याच हातून हरवलं. तेवढं फळ्यावर लिहू नका."