नानाजींनी गुंडाळलेला पिकप

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात बेस गिटारच्या पिकपमधलं माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! हे वाक्य मी मार्च महिन्यापर्यंत छातीठोकपणे म्हणत असे. जिल्ह्यात बेस गिटारी किती आहेत, हे कुणी उलट विचारलं नाही म्हणून निभावलं.

मी अनंत. सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो. वय सत्तेचाळीस. कॉलेजात असताना मित्राच्या गिटारवर बेस शिकलो आणि एकदा तरी स्टेजवर उभं राहून वाजवायचा अशी इच्छा मनात धरली. ती पंचवीस वर्षं नुसती धरूनच ठेवली! मग जानेवारीत अमरच्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि मी अमरच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अमर म्हणाला, "काका, वीस मार्चच्या आत तुमची गिटार तयार करा. जागा तुमची. नाही झाली तर मी बेस कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवून घेईन."

माझं पंचवीस वर्षांचं स्वप्न, आणि त्याचा नुसता डावा हात!

वीस मार्चला कळंबला निकिताचं रिसेप्शन होतं आणि तिथे अमरचाच ऑर्केस्ट्रा. निकिता म्हणजे बेबीताईची मुलगी आणि बेबीताई म्हणजे माझ्या बायकोची, शोभाची, थोरली बहीण. थोडक्यात, माझं पहिलं स्टेज आणि समोर संपूर्ण सासर. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

गिटार मी खास बनवून घेतली. धम्मरत्न नावाचा आमचा सुतार दारं-खिडक्या करतो, पण हात असा की लाकूड त्याचं ऐकतं. त्यानं अस्सल सागवानाची गिटार केली. ती गळ्यात घातली की दाराची फळी घेऊन उभं राहिल्यासारखं वाटे, पण दिसायला देखणी! वरचा पिकप बसला. राहिला फक्त खालचा, ब्रिजजवळचा.

पिकप म्हणजे तारांखाली बसवायची एक छोटी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की डबीला कळतं आणि डबी ते स्पीकरला कळवते. ब्रिज म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात ती पट्टी. तिच्याजवळचा पिकप आवाजाला धार देतो. एवढी साधी गोष्ट! ती निवडायला मी दोन महिने घेतले.

एकेका पिकपचे व्हिडिओ मी जेवताना, आंघोळीआधी आणि ऑफिसात टपालाच्या गठ्ठ्याआड पाहिले. तीन पिकप शेवटच्या फेरीत आले. तिघांचे आवाज शोभाला डोळे मिटून ऐकवले.

"कोणता चांगला?"

"तिन्ही सारखेच तर आहेत!"

"नीट ऐक ना! दुसऱ्यात एक ऊब आहे."

"ऊब पायजे तर स्वेटर घाला," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

तिकडे धम्मरत्नाचा रोज फोन. "साहेब, खड्डा केवढा पाडू? इंच सांगा, सूत सांगा, काईतरी सांगा! गिटार दुकानात पडून राह्यली. गिऱ्हाईक इचारते, हे कोन्त्या खिडकीचं झाकन आहे म्हनून!"

अशातच आम्ही राळेगावला सासरी गेलो. माझे सासरे नानाजी. थोडी शेती आणि चौकात पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, हे काम ते चाळीस वर्षं करताहेत. आमच्या दोघांत बोलायला विषय असा नव्हताच. मी आपला कागदांतला माणूस. जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "नानाजी, तुम्हाला काय वाटतं? पिकप कोणता घ्यावा?"

वाचकहो, सासऱ्याला असा सल्ला कधीही विचारू नका!

नानाजींचा घास हातातच राहिला. त्यांनी पिकप म्हणजे काय ते नीट समजून घेतलं, फोनमधला फोटो चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "चुंबक, तार अन् वेढे. आजून काय आहे याच्यात?"

"बाकी काही नाही, पण..."

"मंग इकत कायले घेता? मी करून देतो!"

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास?"

"तरास कायचा, जवाईबापू? वीस वर्सांत पयल्यांदा तुमी मले काई इचारलं!"

शोभाचे डोळे भरून आले होते. मी मान डोलावली आणि दोन महिन्यांच्या अभ्यासावर तिथेच पाणी सोडलं.

सतरा तारखेला नानाजी एसटीनं यवतमाळला हजर! जेवणाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला पिकप. पंपाच्या स्टार्टरमधले जुने रिले उसवून त्यांनी बारीक तार काढली होती आणि नऊ हजार वेढे हातानं मोजून घातले होते. वरून वार्निशचा काळाकुट्ट थर. "दोन दिस वाळू द्या," ते म्हणाले. "वार्निश हाय म्हनून वेढे जागच्या जागी राह्यते. त्याले हात लावजा नोका."

मी हो हो म्हणालो आणि ते गेल्यावर डबी हातात घेऊन बसलो. चिकट! वास असा की शोभानं मला गॅलरीत बसवलं. दिसायला तर जळक्या पापडाचा तुकडा! इकडे मी अमरला आधीच सांगून बसलो होतो की माझा पिकप थेट अमेरिकेहून येतोय, हातानं वेढे घातलेला. हाताचं खरं होतं, अमेरिकेचं तेवढं माझं!

मग जिल्ह्यातल्या एकमेव तज्ज्ञानं काय करावं? मी थिनरची बाटली आणली आणि कापसाच्या बोळ्यानं वार्निश पुसून काढलं. अगदी खालपर्यंत, निगुतीनं! वरून चकचकीत पत्र्याचं झाकण बसवलं. धम्मरत्नानं खड्डा पाडला, डबी बसली आणि वीस तारखेला दुपारी मी कळंबच्या मंगल कार्यालयात स्टेजवर उभा राहिलो.

पहिलं गाणं झकास गेलं! पिकपचा आवाज असा भरदार की अमरनं मला अंगठा दाखवला. पुढच्या रांगेत बसलेले नानाजी बाजूच्या माणसाला कोपरानं ढोसत होते. मी फुगलो आणि दुसऱ्या गाण्याला आवाज वाढवला.

आणि गिटार किंचाळली! साधीसुधी नाही, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी! कडेवरची पोरं रडायला लागली. नवरदेवानं कान झाकले. गाणं थांबलं. मी घाईनं गिटारीवर वाकलो आणि झाकण ठोकू लागलो.

अमर शेजारी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "काका, अमेरिकेचा पिकप असा बोंबलून काहून राह्यला?"

माझं नाक त्या डबीला टेकलेलं. तसाच वैतागून पुटपुटलो, "अमेरिकेचा कायचा बाप्पा! सासऱ्यानं गुंडाळला! पंपाच्या मोटरवाल्याले हे काम देल्लं, दुसरं काय होईन? आता म्हातारं समोर बसलं आहे, नाहीतर केव्हाच उपटून फेकला असता!"

एक शास्त्र सांगतो, जे माझ्या सगळ्या व्हिडिओंत होतं आणि मी न बघताच पुढे ढकललं होतं. पिकपचे वेढे सैल असले की ते तारांबरोबर माणसाचा आवाजसुद्धा पकडतात. स्पीकरच्या पेट्यांची तोंडं होती लोकांकडे. मला वाटलं मी कुजबुजतोय, आणि माझा शब्दन् शब्द गुलाबजामच्या काउंटरपर्यंत पोचत होता!

मान वर केली. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. शोभानं पदर तोंडाला लावला होता. बेबीताई तर आहेराचं पाकीट हातात धरून पुतळा झाली होती. आणि नानाजी स्टेजच्या पायऱ्या चढत होते.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार! बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून पेचकस काढला, झाकण उघडलं, वाकून डबीचा वास घेतला आणि विचारलं, "वार्निश कुठं गेलं?"

हा प्रश्नही पेट्यांमधून सगळ्यांनी ऐकला.

"पुसलं," मी म्हणालो. तेही ऐकलं.

"कायनं?"

"थिनरनं."

पंगतीतून कुणीतरी "अरेरे!" म्हणालं.

नानाजींनी केकजवळची मेणबत्ती मागवली, पळीत मेण वितळवलं आणि डबी काढून तिच्यात हळूहळू मुरवलं. नवरा-नवरी बाजूला आणि फोटोग्राफर आमचेच फोटो काढतोय! पंधरा मिनिटांनी डबी परत बसवून ते अमरला म्हणाले, "वाजवा आता." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गिटार लोण्यासारखी वाजली, आणि मला त्यातली एकही तान गोड लागली नाही.

आठ दिवसांनी मी एकटाच राळेगावला गेलो आणि दुकानात त्यांचे पाय धरले. "नानाजी, चुकलो. मोटरवाला म्हणालो ते..."

"मी मोटरवालाच हावो, त्याचं मले काई नाई," ते म्हणाले. "पन नऊ हजार वेढे मोजून घातलेल्या मालाचं वार्निश पुसलं तुमी! ते लागलं." मग बराच वेळ ते तार गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "च्या घेता का?"

चहा पिताना मला रडू आवरेना. धूर डोळ्यात गेला म्हणालो. दुकानात धूर नव्हता.

तर शेवट तसा चांगला झाला. अमरनं मला ठेवून घेतलं. अट एकच, वाजवताना तोंड उघडायचं नाही. रिसेप्शनला आलेल्या वाजवणाऱ्यांमुळे नानाजींकडे पिकपच्या ऑर्डरी येऊ लागल्या. दारव्ह्याहून आल्या, बोरी अरबहूनसुद्धा एक आली. प्रत्येक डबीसोबत नानाजी स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी देतात: "वार्निश पुसू नये. पुसल्यास काय होते, ते जवाईबापूंना विचारावे." खाली माझा मोबाईल नंबर.

कालपासून चार फोन आलेत. पिकपमधला जाणकार म्हणून आता खरोखरच सगळा जिल्हा मला विचारतो!