कौलांचा इतिहास आणि माझं खोडरबर

गावच्या कौलांच्या कारखान्याचा इतिहास जगापुढे आणायचा तर त्याला माझ्यासारखाच कारकून हवा, असं मी ग्रंथालयाच्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं. अकरा जुनी पुस्तकं होती. स्कॅन करायची आणि इंटरनेटवर टाकायची. "आठवड्यात उरकतो, बाई!"

बाई म्हणाल्या, "उरकू नका. नीट करा."

मला कुणी 'नीट' म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. सगळ्यात जाडजूड पुस्तकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने पानोपानी गिचमिड करून ठेवली होती. अख्ख्या जगाने आमची ही शोभा पाहायची? मी दोन खोडरबरं आणली आणि तीन दिवस खपून पुस्तक लख्ख केलं. मनगट सुजलं, पण कुणी न सांगता केलेल्या कामाची मजाच वेगळी!

चौथ्या दिवशी ते पुस्तक देणगी म्हणून देणारे, कारखान्याचे निवृत्त मुकादम आले.

"छापलेलं सोडा हो," खुर्ची ओढत ते म्हणाले. "लिहिणारा भट्टीकडे कधी फिरकलाच नाही. आमच्या वडिलांनी समासात एकेक चूक दुरुस्त केलीय. त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय, म्हणून तर पुस्तक दिलं. आलं ना सगळं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आलं... म्हणजे... गेलं."

मुकादमांनी एक पान उलटलं, मग दुसरं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतेच कोऱ्या समासावर बोटं फिरवत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वडील पेन्सिल दाबून लिहायचे," एका जागी बोट थांबवून ते म्हणाले. "कागदावर वळ आहेत अजून. बॅटरी आणा बघू."

बॅटरी आडवी धरली आणि अक्षरं दिसू लागली! मग पुढचे पंधरा दिवस ते बॅटरी धरून वाचायचे आणि मी लिहून घ्यायचो. 'माती आणखी दोन दिवस मुरू द्यावी.' 'हे साफ खोटं.' सगळं परत मिळालं. फक्त ब्याऐंशीव्या पानावर माझा उत्साह इतका उतू गेला होता, की तिथे भोकच पडलं होतं.

"एवढं मात्र गेलं," मी मान खाली घालून म्हणालो.

"राहू द्या. ते मला पाठ आहे. माझ्याबद्दलच होतं. 'थोरला भट्टीवर झोपा काढतो. याला कुठेतरी कारकून म्हणून चिकटवावा.'"

मी ते निमूटपणे लिहून घेतलं. मुकादमांनी आधी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी ऐकलं नाही त्यांचं," ते म्हणाले. "बरंच झालं."