मेडशीच्या उन्हात अरबी समुद्र

आधी माझी चूक सांगतो. समुद्र न पाहता तो शांत आहे असं मी एका म्हाताऱ्याला सांगितलं, आणि माझ्या त्या शब्दावर एक पोरगा बोटीवरून समुद्रात गेला.

मी मेडशीत राहतो. इथून समुद्र इतका लांब आहे की निम्म्या गावाला तो पूजेच्या कथेत बोट बुडते तेवढाच माहीत. अशा गावात समुद्राबद्दल खोटं बोलल्याने कोणाचं काय बिघडणार, असं मला वाटत होतं.

एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, परीक्षेचे अर्ज. ते म्हातारे म्हणजे आप्पा. रोज दुपारी यायचे. डोक्याला पांढरा दुपट्टा, काखेत छत्री, भर उन्हाळ्यातही. काउंटरवर दोन बोटं आपटायचे आणि आजारी पाहुण्याची तब्येत विचारावी तसं विचारायचे, "सुनील, समुद्र कसा हाये?"

हवामान खातं समुद्राचा वेगळा अंदाज देतं. वारा किती, लाटा किती, मच्छीमारांनी जावं की नाही. तो इंग्रजीत असायचा आणि आप्पांकडे बटणांचा साधा फोन. म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. ऐकताना ते डोळे मिटायचे. सगळा समुद्र त्यांना चालायचा नाही. बंगालच्या उपसागरात वादळ आलं म्हटलं की हात झटकायचे, "ते आपलं नाई. आपलं अरबी सांग."

हळूहळू त्या अंदाजातले शब्द त्यांच्या तोंडी बसले. मी एकदा म्हटलं, "खवळलेला काय न् अति खवळलेला काय, एकच ना आप्पा?"

"एकच कसं, बाप्पा? काल तुही काकू खवळलेली होती, तं जेवाले भेटलं. आज अति खवळलेली हाये. एक कप च्या सांग."

कापलेलं सोयाबीन वावरात पडलं असलं की लोक त्यांना मुद्दाम छेडायचे. "आप्पा, आज पानी येईन का?"

"ते मले नको इचारू. मी लाटांचा मानूस हाओ."

एकदा तर माझ्याकडून अंदाज ऐकून ते तडक स्टँडवर गेले आणि ओरडले, "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला!" बावटा म्हणजे धोक्याचं निशाण, हे कोणाला ठाऊक? आमच्याकडे बंदर म्हणजे माकड. तुरीला शेंगा धरलेल्या. पानठेल्यावरचा बबन काठी उचलून वावराकडे पळाला आणि धापा टाकत परत आला.

"आप्पा, कुठी हायेत बंदर?"

"रत्नागिरीले."

"मंग मले काहून पळवलं बे बुढ्या?"

"म्या कुठं पळवलं? तूच पळाला."

त्या दिवसापासून गावाने त्यांचं नाव बंदरआप्पा ठेवलं. पोरं त्यांच्या मागे माकडासारखी खाजवत चालायची. आप्पा छत्री उगारायचे, मारायचे नाहीत.

"कायले पाहिजे तुमाले रोज समुद्र?" मी विचारलं होतं. "मालूम असलेलं बरं," एवढंच म्हणाले. त्यांचा मुलगा मंगेश पुण्याला कंपनीत आहे, असं गावाला माहीत होतं. घरात दोघंच म्हातारा-म्हातारी. रिकाम्या माणसाला लागतो एखादा नाद, असं मी धरून चाललो.

तो दिवस दिवाळीच्या अलीकडचा. आदल्या आठवड्यात पावसाने सोयाबीन भिजवलं होतं आणि नुकसानीचे फोटो चढवायला दुकानात रेटारेटी. त्यात सर्व्हर बसलेला. लोक माझ्यावर ओरडत होते, मी कॉम्प्युटरवर. अशात काउंटरवर दोन बोटं आपटली.

मी मान वर केली. दाराबाहेर पाहिलं. मेडशीत लख्ख ऊन पडलं होतं.

"शांत हाये, आप्पा. एकदम शांत."

"लाटा?"

"काई लाटा-बिटा नाई. जा तुमी."

मागे कोणीतरी हसलं. मीही हसलो. आप्पा पायरीवर गेले, फोन काढला, माझ्याकडे पाठ करून कोणाशी तरी बोलले. मला एकच शब्द ऐकू आला. "जाय."

काही दिवसांनी काकू दुकानात आल्या. पदर तोंडाला लावलेला. मंगेशचा फोन लागत नाई, तू लावून पाह्य, म्हणाल्या. मी म्हटलं, पुण्याला कोणाला विचारू का? तेव्हा त्या खाली बसल्या.

"पुन्याले नाई रे थो. रत्नागिरीकडं मासोळीच्या बोटीवर इंजिन पाह्यते. मासोळीचा धंदा म्हटलं तं पोरगी कोन देईन, म्हनून आमी लपवलं. बोटीवरचा मुख्य म्हने चाला, बाकीचे म्हनत वारा हाये. याचं मन नोतं. यानं बापाले फोन केला, उतरू का म्हने बोटीवरून. बापानं मंग फोन करून सांगतलं, जाय, समुद्र शांत हाये. तवापासून बोटीचा पत्ता नाई."

त्या गेल्यावर मी त्या दिवसाचा अंदाज शोधून काढला. आमच्याकडे ऊन होतं त्या दुपारी तिकडे कोणीही समुद्रात जाऊ नये असं स्वच्छ लिहिलं होतं.

बोट सापडली. लाटांत तिचं इंजिन बंद पडलं होतं. मंगेश जिवंत आला, पण दोर ओढायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. बोटीवरचा आणखी एक पोरगा आलाच नाही. तो कुठल्या गावचा, हे मेडशीत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मला वाटलं, आता आप्पा येतील आणि माझी गचांडी धरतील. ते आले नाहीत. ते वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. आप्पांना पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरकडून ऐकायचं मशीन घेऊन आले आणि कानात घालून फिरायला लागले. गाव त्यांच्या कानाशी ओरडून बोलायला लागलं. ओरडलं की ते कळवळायचे, तरी मशीन काढायचे नाहीत. काकू चारचौघांत म्हणायच्या, "या बहिऱ्यानं माह्या पोराचा हात खाल्ला." आप्पा मान हलवायचे. मी दुकानातून हे सगळं ऐकत होतो आणि झेरॉक्स काढत होतो.

मग एका दुपारी परत काउंटरवर बोटं आपटली.

"सुनील, समुद्र कसा हाये?"

"आता कायले, आप्पा? मंगेश तं घरी हाये."

"मंगेश हाये. बाकीचे थोडीच घरी हायेत? बोट दुरुस्त झाली, पुन्हा जाऊन राह्यली." त्यांनी छत्री काउंटरला टेकवली. "थो पोरगा गेला ना, त्याच्या मायचा नंबर म्या मंगेशले मांगतला. पन लावाची हिंमत होत नाई. काय सांगू तिले, मी बहिरा हाओ?"

मी कॉम्प्युटरवर समुद्राचा अंदाज उघडला.

"आता दोनदा सांगत जाय. जोरानं," कानातलं मशीन बोटाने दाबत ते पुढे वाकले. "त्या दिवशी तू खवळलेला सांगतलं असन. म्याच शांत आयकलं."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो. त्यांच्या कानातलं मशीन काढलं. आप्पा घाबरून माझ्या ओठांकडे पाहायला लागले. मी अगदी हळू बोललो, शेजारच्या बाकावरच्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

"आप्पा, तुमी बराबर आयकलं होतं. म्याच शांत सांगतलं. समुद्र पाह्यलाच नोता म्या. तुमचे कान चांगले हायेत. त्या मायले फोन मी लावतो. माफ करा मले."