सोमवारच्या मौनात शिकवलेली रेषा

माझं सोमवारचं मौन निवृत्तीपासूनच्या अठरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. अंघोळ करून सिद्धेश्वराच्या तसबिरीला हात जोडले की जे तोंड मिटायचं, ते दिवेलागणीलाच उघडायचं. एकदा पायावर कुकरचं झाकण पडलं, तेव्हाही मी नुसती पाय धरून स्वयंपाकघरभर नाचले, पण हूं की चूं नाही! हे मी अभिमानानं सांगत असे, आणि तिथंच सगळं बिघडलं.

आधी मी मौनात पाटीवर लिहून दाखवायची. शेजारच्या मालतीताई एकदा म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, तोंडाला सुट्टी आणि हाताला ओव्हरटाइम." मला ते इतकं लागलं की पुढच्या सोमवारपासून लिहिणंही सोडलं. देवानं काही मागितलं नव्हतं. मालतीताईंना दाखवायचं होतं.

आता महादेवीचं सांगते. ही मूळची मैंदर्गीची, घरात कानडी बोलणारी, वय चौतीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात दिवसभर उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालायची. तिथली चेकिंगची जागा रिकामी होणार होती. बसून काम, आणि हाताखाली आठ बायका. मालकाची अट एकच, दहावी पास. महादेवीनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली होती. सगळे विषय सुटले, गणित तेवढं अडकलं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली, म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची.

रेषांच्या प्रश्नाला ती आधी बिचकायची. मी सांगितलं, रेषा अक्षरासारखी डावीकडून उजवीकडे वाचायची. वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण. मग ती दोन अक्षांना कुठं कापते ते बघायचं, म्हणजे झाले आंतरछेद. पंधरा दिवसांत बाई अशी तयार झाली की माझ्या शेंगा सोलता सोलता सांगायची, "y बरोबर 2x अधिक 4. चढ दोन. उभ्या अक्षाला वर चारावर कापती, आडव्याला डावीकडं उणे दोनावर."

पेपर नेमका सोमवारी आला. मी रविवारीच म्हणाले, तयारी झाली आहे, उद्या फक्त पाया पडून जा.

सोमवारी दहाला ती आली. फाटकाशी तिचा नवरा भिमा गाडी चालू ठेवून उभा, पेन-वही त्याच्या डिकीत. ती पाया पडली, वळली, आणि परत फिरून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, एकदाच बघा. धन चढ म्हंजे अशी जाती की?" तिनं आपल्या डावीकडून उजवीकडे हात वर नेला.

तिचं अगदी बरोबर होतं. पण मी होते समोर! माझ्या बाजूनं बघताना ती रेषा उताराला लागलेली. मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग माझ्या डावीकडून उजवीकडे हात उचलून दाखवला. तिला तो उलटा दिसला.

ती गोंधळली. मागल्या आठवड्यात तर दुसरंच सांगितलं होतं, म्हणाली. मी आणखी जोरात मान हलवली आणि हात असा ताणला की खांद्यात चमक आली. आमच्या ह्यांना, गंगाधररावांना, माझ्या खुणा सगळ्यांत जास्त कळतात असा त्यांचा समज आहे. पेपरातून मान न काढता ते म्हणाले, "ती म्हणतेय, पोक काढून बसू नकोस." महादेवी ताठ झाली. मी कपाळाला हात लावला. "आणि कपाळाला अंगारा लावून जा," हे म्हणाले. तिनं तोही लावला.

मग मी आंतरछेद दाखवायला घेतले. चार बोटं डोक्यावर, दोन बोटं माझ्या डाव्या कुशीला. भिमानं हॉर्न वाजवला. महादेवीनं घाईनं माझी नक्कल केली, आरशात करतात तशी. मला समोरून सगळं जागच्या जागी दिसलं. मी खुशीनं मान डोलावली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती गेली.

रेषा कुठं चढते, त्याचा एक शब्द पुरला असता. 'उजवीकडे.'

दिवा लावून मी तोंड उघडलं, तोवर ती प्रश्नपत्रिका घेऊन हजर. या वेळी पायरीवर माझ्या शेजारी बसली, आणि हवेत हातानं रेषा ओढून म्हणाली, "तेच आलं हुतं, 2x अधिक 4. तुमी दावलं तसंच काढलं, बाई." शेजारून बघितल्यावर मला माझी चूक दिसली. रेषा सरळ खाली चालली होती. चढ उलटा, आडव्या अक्षावरची खूण उलट्या बाजूला. वरचा चार तेवढा बरोबर, कारण समोरून बघितलं तरी वर ते वरच राहतं. पाच मार्क गेले होते.

आणि इथं मला खरी लाज वाटते. मौन संपलेलं होतं. तरी मी बोलले नाही. "बघू, होईल," एवढंच पुटपुटले आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवला.

निकाल लागला. पासला चार मार्क कमी. चेकिंगची जागा करमाळ्याच्या एका मुलीला मिळाली. त्याच संध्याकाळी महादेवी पेढ्याऐवजी केळी घेऊन माझ्याकडे आली, माफी मागायला! म्हणाली, तुमी येवढं शिकवलं आन मी तुमचं नाव घालवलं. तीन आठवडे ती सगळ्यांना सांगत होती की मला डावं-उजवंच कळत न्हाय.

मग मात्र मला राहवेना. तिला समोर उभं केलं, हात वर करायला लावला, मग तिचे खांदे धरून माझ्या शेजारी, माझ्यासारखंच तोंड करून उभं केलं आणि तोच हात पुन्हा वर करायला लावला. सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी मला कळलं होतं, हेसुद्धा.

तिनं तोच हात आणखी एकदा डावीकडून उजवीकडे वर नेला.

"म्हंजे माझं पैलं बरोबर हुतं?"

"हो गं. तुझंच बरोबर होतं."

"मग तवाच सांगायचं की, बाई. तीन आठवडे मी सोताला येडी समजत हुते."

डोळे पुसत मी म्हणाले, की माझ्या हातून पाप घडलंय, प्रायश्चित्त म्हणून आता महिनाभर अखंड मौन धरते.

महादेवीनं माझ्याकडे असं बघितलं, की मालतीताईंनी अठरा वर्षांत कधी बघितलं नसेल.

"जुलैला माझा गणिताचा फेरपेपर हाय," ती म्हणाली, "आन तुमी परत गप बसणार व्हय?"