कचरागाडीचं लोकेशन

पुण्याला साडूकडे तीन दिवस राहून आलो आणि तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. तिथं म्हणे सिग्नल स्वतःच गर्दी बघून हिरवा होतो, आणि कचरागाडी कुठवर आली ते मोबाइलवर दिसतं. आमच्या कारंजा गावात मात्र सुचिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, रोज बादली घेऊन धावते आणि गाडी रोज कोपऱ्यावरून निघून जाते. मी ठरवलं, आपणही गल्ली स्मार्ट करायची. (पतसंस्थेतल्या कारकुनाला रिकामटेकडे विचार फार!)

युक्ती सोपी होती. गाडीवाल्या जगदेवकडे साधा बटणांचा फोन. म्हणून सकाळी माझाच फोन त्याच्या गाडीत ठेवायचा आणि गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन सोडायचं. फेरी संपली की तो फोन परत द्यायचा, मी लोकेशन बंद करायचो. चार दिवस झकास चाललं. शेजारच्या तुळसाबाईंनी तर ग्रुपवर मला हात जोडले. मी फुगलो.

रविवारी आमच्या समीक्षाला बघायला कामरगावहून मुलाचे आईवडील, दौलतराव आणि प्रयागबाई, यायचे होते. सोयरीक लाखात एक, आणि पोरीलाही मुलगा मनापासून आवडलेला. साडेनऊला जगदेव अर्ध्या फेरीतूनच धापा टाकत आला.

"भाऊ, तुमचा फोन कवाचा वाजून राह्यला! पाव्हणे स्टँडवर उतरले म्हनतेत."

फोन खिशात कोंबला आणि पळालो. लोकेशन बंद करायचं राहून गेलं. म्हणजे आता कचरागाडी मी होतो.

पाहुण्यांना घेऊन गल्लीत शिरलो. मोठ्या शहरांत टेक्नॉलॉजीनं माणूस कसा सुखी झालाय, ते दौलतरावांना रंगवून सांगत होतो, तेवढ्यात पहिल्या दारातून सुंदरबाई निघाल्या. मग दुसऱ्या दारातून कुणी, तिसऱ्यातून कुणी. बघता बघता वीस-पंचवीस बायका आमच्या मागे! दौलतराव गहिवरले.

"आमच्या स्वागताले एवढ्या बाया? काहून तरास घेतला, बाई?" म्हणत त्यांनी मागे वळून हात जोडले. तेव्हा त्यांना बादल्या दिसल्या.

"गाडी कुठी हाये?" तुळसाबाई मोबाइलमध्ये बघत ओरडल्या. "इथंच तं दाखवून राह्यली!" दोन पावलं पुढे येऊन त्यांनी मोबाइल माझ्या पोटाशी धरला. "अवो बाई, हेच हायेत!"

"अहो, मी गाडी नाही!"

"मंग ओला कचरा कोनाले द्यू?"

दौलतरावांनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "तुमी पतसंस्थेत हाये ना?"

दारात सुचितानं कपाळावर हात मारला. तिच्यामागे साडी नेसलेली समीक्षा. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. मी आयुष्यात पुष्कळदा ओशाळलो, पण त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शहाणपणापायी पोरीचं लग्न मोडणार, एवढंच डोक्यात होतं.

पोहे झाले, चहा झाला. मी चपलांकडे बघत बसलेलो. शेवटी प्रयागबाईंनी कप खाली ठेवला.

"पोरगी पसंद हाये आमाले."

माझे डोळे भरून आले. मी उठून हात जोडले.

"पन एक सांगा, व्याही," त्यांनी पदर तोंडाला लावला. "आमच्या कामरगावात कोन्त्या वारी येसान? ओला-सुका अलग करून ठेवतो आमी."