बाथरूममागचा उंबर

दामूला शहापूरचा फ्लॅट विकायचा होता आणि फ्लॅटची भिंत काही वाळायला तयार नव्हती.

टोकावड्याचं रस्त्यालगतचं भाताचं खाचर चुलतभाऊ लडकूला विकून त्यानं हा फ्लॅट घेतला होता. "बसल्या जागी भाडं येतंय, शेतात काय, चिखलच," असं तेव्हा तो गावभर सांगत फिरला. भाडं आलं, नाही असं नाही. पण आलं तसं नळवाल्यानं, गवंड्यानं आणि सोसायटीनं वाटून खाल्लं. कधी गीझर जळला, कधी खिडकीची सरकती दारं सरकायची थांबली. शेवटी बाथरूमच्या भिंतीला ओल चढली आणि भाडेकरूही निघून गेला. खाचरानं उभ्या जन्मात आपल्याकडे साधी तोटी मागितली नव्हती, हे दामूला आता आठवायला लागलं. जीव नुसता खाचराकडे ओढ घेत होता. लडकूनं मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं होतं, "होळीपर्यंत पैसं आन, तुझं खाचर तुला. पुढं माझा शब्द नाय."

एजंट अक्षयनं एक गिऱ्हाईक आणलं. कल्याणचे निवृत्त गृहस्थ, भगीरथ पाटील. त्यांनी हॉल बघितला, किचन बघितलं. मग बाथरूमच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बराच वेळ उभे राहिले, हात जोडले आणि "होळीच्या आधी येतो" म्हणून निघून गेले.

"गेलं गिऱ्हाईक!" अक्षय कपाळाला हात लावून म्हणाला. "काका, ओल बघून हात जोडले त्यांनी. आधी भिंत करून घ्या."

ओलीचं मूळ बाहेर होतं, अगदी खरोखरीचं. सांडपाण्याच्या पाइपाशेजारी भिंतीतून उंबर फुटून कंबरेएवढा झाला होता. नळवाला म्हणाला, "पाइप बदलतो, पन उंबराला हात नाय लावनार. देवाचं झाड हाय, माझी पोरं लहान हायेत." गवंडीही तेच म्हणाला. रंगाऱ्यानं तर झाड सोडून आजूबाजूनं रंग मारायची तयारी दाखवली.

शेवटी दामूची बायको मैना म्हणाली, "तोडायचा कशाला? भटजी बोलवा, विधी करा, मुळासकट काढा नि आपल्या खाचराच्या बांधावर लावा."

"खाचर आपलं कुठं हाय गो?"

"होनारच ना आता!"

भटजी आले, नैवेद्य झाला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, म्हणून बांबूंची परांची बांधली. मूळ ओढलं तर आतून भिंतीचा पोपडा चार टाइल्स घेऊन खाली आला. त्या नक्षीच्या टाइल्स आता येत नाहीत म्हणे, म्हणून सगळ्याच बदलल्या. नव्या टाइल्सपुढं जुनं बेसिन कळकट दिसायला लागलं, तेही बदललं. बाथरूम चकाचक झाल्यावर बाकीचं घर ओशाळलं, म्हणून सगळीकडे रंग मारला. या खर्चापायी दामूची दुभती म्हैस विकली गेली. दावं रिकामं बघून मैना दोन दिवस जेवली नाही.

उंबर मात्र बांधावर थाटात बसला. खड्डा खणताना लडकू शेजारी उभा राहून म्हणाला, "लाव रे लाव. देवाचं काम, मी कशाला नाय म्हनू?"

होळीच्या आधी भगीरथराव खरंच आले. हातात नारळ, हार आणि खिशात चेकबुक. ते तडक बाथरूममध्ये गेले आणि हार तसाच हातात घेऊन परतले.

"उंबर कुठाय?"

"काढला!" दामूची छाती फुगली. "मुळासकट! हात लावून बघा, ओल नाय, काय नाय."

"अहो, काय केलंत हे! मी तो उंबर बघूनच फ्लॅट घेणार होतो. रोज खिडकीतून दर्शन झालं असतं. ओलीला कोण विचारतंय?"

दामू घाईघाईनं म्हणाला, "सायेब, जिता हाय तो! विधी करून लावलाय. चला, आत्ता दावतो."

पदरच्या पैशानं जीप करून त्यानं सगळ्यांना टोकावड्याला नेलं. उंबराला नवी पालवी फुटली होती. भगीरथरावांनी हार घातला, नारळ फोडला. समोरचा डोंगर बघितला, रस्ता बघितला, वारा खाल्ला.

"जागा कुणाची ही?"

दामूनं तोंड उघडलं. लडकू कुठून उगवला कुणास ठाऊक.

"माझी," तो म्हणाला.

"आरं, होळीपर्यंत शब्द दिलावतास ना मला!"

"मग आन की पैसं. आत्ता आन."

भगीरथराव गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेले शेतकरी, त्यामुळे कायद्याचीही आडकाठी आली नाही. मुरबाडला त्यांच्या नावानं खाचराचं खरेदीखत झालं. साक्षीदार कमी पडत होता, म्हणून दामूनंच सही केली. अक्षयनं दोन्हीकडून कमिशन घेतलं आणि पेढ्याचा बॉक्स पुढं करत म्हणाला, "काका, तुमचंपण बघतो हां." दामूनं पेढा घेतला आणि रुमालात बांधला.

तिथनं दामू नि मैना शहापूरला फ्लॅट झाडायला गेली. बाथरूमची खिडकी लावताना दामू थबकला. नव्या पाइपाशेजारी, नव्या सिमेंटमधून, दोन कोवळी पानं डोकावत होती.

मैना मागून बघत म्हणाली, "मेलं मूळ र्‍हायलं वाटतं आत. गवंड्याला बोलवू?"

"गप बस गो," दामू म्हणाला.

त्यानं नव्या बेसिनचा नळ सोडला, तांब्या भरला आणि खिडकीतून हात बाहेर काढून उंबराला जपून पाणी घातलं.