एका दिवसात छप्पर

घराचं छप्पर बदलायला फार अक्कल लागत नाही, असं मी गेल्या शुक्रवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. जुनी कौलं काढायची, नवी चढवायची, संध्याकाळी पाय पसरून गोड चहा प्यायचा. तुमच्यापैकी कोणी छपराला हात घालणार असेल, तर माझी हकीगत आधी ऐका. मग हवं तर घाला.

आमच्या पुढच्या खोलीत नेमकी पाहुण्यांच्या खुर्चीवर गळती होती. रविवारी माझ्या मुलीला, वेनिंगला, मागणी घालायला मुलाकडची मंडळी येणार होती. मुलगा गालिह. त्याचे वडील शाळांचे निरीक्षक. आता असल्या माणसाच्या टाळूवर पहिल्याच भेटीत थेंब पडला तर?

बायको लासमी म्हणाली, "अहो, गळतं तिथली चार कौलं बदला आणि गप्प बसा."

"चार?" मी म्हणालो. "आख्खं छप्पर बदलतो. शनिवारी सकाळी सुरू, शनिवारी संध्याकाळी खलास."

"आणि नाही झालं तर?"

"न व्हायला काय झालं? सावड आहे की."

आमच्या जावा बेटावरच्या खेड्यात कुणाचं छप्पर निघालं की आख्खी वस्ती सावडीला येते. आजूबाजूच्या वस्त्यांमधूनही माणसं येतात. बायका स्वयंपाकाला लागतात, पुरुष वर चढतात. कुणी कुणाला नाव विचारत नाही. म्हणून मी निर्धास्त. पुढच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावरची कौलं अंगणात उभा राहून मोजली, त्याची दुप्पट केली, आणि तेवढी नवी कौलं भट्टीवरून आणवली. लाल, चकचकीत. ट्रक आला तेव्हा शेजारच्या कोंबड्यासुद्धा बघायला आल्या.

शनिवारी सात वाजता तीस माणसं दारात हजर. सुतार तुमिरिन सगळ्यांत पुढे. त्याला सगळे कांग, म्हणजे दादा म्हणतात, कारण लाकडाबद्दल तो बोलला की वाद संपतो. नऊच्या आत छप्पर उघडं झालं. घरात एवढा उजेड पडला की लासमीला कपाटामागची जाळी दिसली आणि ती माझ्यावरच चिडली.

जुन्या कौलांचा अंगणात ढीग लागला. एक शेजारी हळूच म्हणाला, "पाक मार्दिकुन, यातली थोडी बकऱ्यांच्या गोठ्याला नेऊ का?"

पाक, म्हणजे आमच्याकडचं 'राव', म्हटलं की माझी छाती फुगते. "थोडी कशाला? लागतील तेवढी न्या."

ही बातमी वस्तीत माझ्या आवाजापेक्षा वेगाने पसरली. तासाभरात ढीग गायब. कुणी बदकांच्या खुराड्याला नेली, कुणी विहिरीच्या कठड्याला. मी दानशूर राजासारखा कमरेवर हात ठेवून उभा.

मग कांग तुमिरिनने पहिलं नवं कौल रीपेवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीवर ठेवलं. ते क्षणभर टेकलं आणि दोन रीपांच्या मधून सरळ खाली गेलं. खाली स्वयंपाकघर होतं. फणसाच्या भाजीचा टोप चुलीवर होता. पुढे काय झालं ते लासमीच्या किंकाळीवरून वरच्या सगळ्यांना कळलं.

"पाक मार्दिकुन," कांग वरून शांतपणे म्हणाला, "ही कौलं दोन बोटं आखूड आहेत."

"मग?"

"मग सगळ्या रीपा उपटून जवळजवळ ठोकायच्या. ओळी वाढणार. कौलंही जास्त लागणार. आणि मागचा पाखा स्वयंपाकघरावरून खाली उतरतो, तो किती लांब आहे ते बघितलंत का?"

मी मागे जाऊन बघितलं. पुढच्यापेक्षा तो चांगला दीडपट होता. वीस वर्षं मी त्याच्याखाली जेवतोय.

"भट्टीवरून आणखी मागवतो," मी म्हणालो.

"या साच्याची ही शेवटचीच होती. म्हणून तर त्यांनी तुम्हाला एवढ्या हसत दिली."

लासमी दारात आली. तिच्या केसांत फणस होता.

अशा वेळी माणसाला काहीतरी हुकूम सोडावासा वाटतो. तेवढ्यात फाटकातून एक पन्नाशीचा गृहस्थ आत आला. साधा सदरा, पायात चपला. घराकडे बघून तो जागीच थांबला.

"अरे बापरे, काय झालं इथं? वादळ?" त्याने विचारलं. "मी जरा निरोप..."

"निरोप नंतर," मी म्हणालो. "दहा वाजता सावडीला येतात का? सदरा काढा, शिडी चढा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उघड्या घराकडे. मग सदरा काढला, नीट घडी करून कुंपणावर ठेवला आणि निमूट वर चढला.

मीही मागोमाग चढलो. त्याच्या हाताला सवय नव्हती, पण डोकं होतं. मी मात्र सोडत नव्हतो. "हातोडा असा धरतात होय? शाळेत खडू धरल्यासारखा?"

"सवय आहे तशी," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "एवढी घाई कसली?"

मला बोलायला माणूस हवाच होता. "उद्या मुलीला मागणी घालायला येतायत. मुलाचा बाप निरीक्षक. महाशिष्ट माणूस."

"भेटलायत का तुम्ही त्यांना?"

"भेटायला कशाला हवं? निरीक्षक म्हणजे चूक शोधायला जन्मलेला. जेवायला बसला तरी भातातले खडे मोजेल."

तो खिळा ठोकत राहिला. मग म्हणाला, "मला वाटतं, मागच्या रीपांना हात लावूच नका. पुढे नवी कौलं घाला. मागे जुनीच चढवा, ती तिथं बरोबर बसतील."

कांग तुमिरिनने मान डोलावली. "हा माणूस कामाचा आहे."

आता जुनी कौलं परत आणायची. मी बकऱ्यांच्या गोठ्यापासून सुरुवात केली. शेजारी वर चढून शेवटची ओळ लावत होता. "दिलेली वस्तू परत मागतात का, पाक?" तो म्हणाला. "तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने?"

शेवटी तोडगा निघाला. माझ्याकडे पुढचा पाखा भरून नवी कौलं उरणारच होती. जुनं द्या, नवं घ्या. म्हणून आज आमच्या वस्तीत बकऱ्या आणि बदकं लाल चकचकीत कौलांखाली झोपतात, आणि माझ्या स्वयंपाकघरावर शेवाळ आहे.

चारच्या सुमाराला मागचा पाखा निम्मा झाला होता. मी आणि तो गृहस्थ आढ्यावर पाय सोडून बसलो होतो. वेनिंग तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी आणि चहा घेऊन शिडीपाशी आली. तिने वर पाहिलं. तबक तिने घाईघाईने खाली ठेवलं.

"पाक हार्तोयो," ती म्हणाली, "आपण वर कसे?"

हार्तोयो हे गालिहच्या वडिलांचं नाव. मला ते पाठ होतं. रविवारी किती आदराने उच्चारायचं याचा मी आठवडाभर सराव केला होता.

माझे हात आढ्यावरून सुटले. पाक हार्तोयोंनी माझी लुंगी मागून घट्ट धरली.

"पडू नका," ते म्हणाले. "उद्या तुमच्याशी बोलायचंय."

"मी... ते भातातले खडे..."

"मोजतो मी. बायको वैतागते." मग त्यांनी खाली पाहिलं. "बाळ, आईला निरोप दे. तोच सांगायला आलो होतो. उद्या आम्ही आठ नाही, तेवीस जण येतोय."

लासमी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. माझा अपराध, छप्पर, फणस, सगळं ती विसरली. "तेवीस?" एवढंच म्हणाली आणि परत आत पळाली. त्या तेवीस जणांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

अंधार पडायच्या आत छप्पर पुरं झालं. रविवारी तेवीस माणसं आली, जेवली. पाक हार्तोयो इस्त्रीच्या बाटिक सदऱ्यात इतके भारदस्त दिसत होते की मी दोनदा उठून उभा राहिलो. त्यांनी रीतसर मागणी घातली. वेनिंगने मान खाली घालून होकार दिला, आणि मला रडू आलं. त्यात नाटक नव्हतं.

निघताना ते म्हणाले, "लग्नाआधी आमचंही छप्पर उतरवायचंय. याल ना?"

"हे काय विचारणं झालं?"

काल गेलो. व्याह्याच्या घरी पहिल्यांदाच जायचं म्हणून नवा सदरा घातला, केसांना तेल लावलं. फाटकातून आत शिरतो तोच त्यांच्या वस्तीतला कोणी एक वरून ओरडला, "ओ म्हातारबा, ही काय यायची वेळ झाली? कौलं उचला."

पाक हार्तोयो ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांनी मला पाहिलं. त्या माणसालाही पाहिलं. आणि मोठ्या शांतपणे पेल्यात आणखी साखर घातली.

मी सदऱ्याची घडी केली आणि कौलं उचलली.